सायप्रसचं जेवण: ग्रीक, तुर्की, लेबनीज की स्वतःचंच? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायप्रसमधल्या लिमासोल शहरात राहायला आल्यापासून मला तेच ते प्रश्न विचारले जातात. इथे पाहुणे आले की विचारतात, मी पुण्याला गेले की नातेवाईक विचारतात. "म्हणजे ग्रीक जेवणच ना?" पासून "शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं गं?" पर्यंत. दर वेळी तोंडी उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी आचारी नाही की इतिहासाची अभ्यासकही नाही. पण रोजचा बाजार मीच करते, खालच्या मजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात तासन्‌तास बसते, आणि खाण्याबाबत मला ठाम मतं आहेत.

सायप्रसचं जेवण म्हणजे ग्रीक जेवणच ना?

नाही. भाषा ग्रीक, चर्च ग्रीक ऑर्थोडॉक्स, दुकानांच्या पाट्या ग्रीक, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. पण नकाशा काढून बघा. जेमतेम सव्वानऊ हजार चौरस किलोमीटरचं हे बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आणि सिरियापासून सुमारे शंभरावर आहे. अथेन्स मात्र आठ-नऊशे किलोमीटर लांब.

ओळखायची खूण हवी असेल तर एकच सांगते: धणे. ग्रीसच्या स्वयंपाकात धणे फारसे लागत नाहीत, तिथे ओरेगॅनोचं राज्य. सायप्रसमध्ये धणे भरड कुटून सढळ हाताने घालतात. 'आफेलिया' म्हणजे तांबड्या वाइनमध्ये मुरवून शिजवलेलं डुकराचं मटण, त्याचा सगळा जीव धण्यांत. हिरवी ऑलिव्ह ठेचून लिंबू, लसूण आणि धण्यांत मुरवतात. छोटे बटाटे सालीसकट ठेचून तळायचे आणि वरून वाइन आणि धणे, तो वास आला की मला थेट आमच्या घरातला गोडा मसाला भाजण्याचा दिवस आठवतो. शिवाय हिरवी कोथिंबीर! अथेन्सच्या भाजीबाजारात ती शोधावी लागते, इथे जुडीच्या जुड्या पडलेल्या असतात आणि माणसं ती सॅलडमध्ये कच्ची खातात. दुसरी खूण वाळवलेला पुदिना. चीज, मटणाचे गोळे, दही, सगळ्यांत तो हजर.

गोंधळ वाढवला तो लंडनने. विसाव्या शतकात सायप्रसहून हजारो लोक तिथे गेले, त्यांनी खाणावळी काढल्या आणि गिऱ्हाइकाला कळावं म्हणून बाहेर 'ग्रीक' अशी पाटी लावली. त्यामुळे बऱ्याच लोकांनी आयुष्यात जे 'ग्रीक' म्हणून खाल्लं, ते मुळात सायप्रसचं होतं.

एकच पदार्थ घेऊन फरक दाखवता येईल का?

सुवलाकी घ्या, म्हणजे सळईवर भाजलेलं मटण पिटा नावाच्या पावात घालून. ग्रीसमध्ये जाडसर गोल पिटा तव्यावर शेकून, मटणाचे तुकडे, त्झात्झिकी (काकडी-दही), कांदा-टोमॅटो आणि चक्क बटाट्याचे चिप्स आत घालून कागदात कोनासारखी गुंडाळी करून देतात. सायप्रसचा पिटा लांबट, पातळ, आणि त्याला खिसा असतो. तो बाजूने उघडायचा, आत मटण आणि मग ओंजळभर कच्चा कोबी, काकडी, टोमॅटो, अजमोद (पार्सली), वर लिंबू. दही बाजूला वाटीत. ग्रीक सुवलाकी चालता चालता खाता येते, सायप्रसच्या सुवलाकीला टेबल लागतं. मला हीच आवडते, कोबीमुळे.

आणि तिची थोरली बहीण 'सूव्ला'. मुठीएवढे मटणाचे तुकडे हातभर लांब सळईत ओवून, कोळशावर, तास-दीड तास. शेगडीला 'फुकू' म्हणतात, हल्ली तिला सळया फिरवायची छोटी मोटर असते. ईस्टरला ग्रीसमध्ये अख्खं कोकरू फिरतं, इथे सूव्ला. रविवारी दुपारी आमच्या गल्लीत धूर दिसला नाही, तर समजावं की पाऊस आहे.

मग तुर्की जेवणाच्या जवळ म्हणायचं का?

हा प्रश्न इथे जरा आवाज खाली आणून विचारावा. १५७१ ते १८७८ हे बेट उस्मानी राजवटीत होतं. तीनशे वर्षांत चूल वेगळी कशी राहणार? मोठ्या समाजाची भाषा ग्रीक आणि लहान समाजाची तुर्की, पण गावं मिश्र होती आणि शेजारणी एकमेकींकडून विरजण नेत होत्या. १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरलं, बेटाची फाळणी झाली (दक्षिणेत ग्रीक समाज, उत्तरेत तुर्की), दोन्हीकडची माणसं घरंदारं सोडून पलीकडे गेली. ये-जा करायला नाकी उघडली ती २००३ मध्ये.

पण ताट पाहिलं तर फाळणी दिसत नाही. इथल्या प्रसिद्ध चीजला दक्षिणेत हलूमी म्हणतात, उत्तरेत हेलिम. दक्षिणेत ईस्टरला चीज भरलेली फ्लाउना, उत्तरेत पिलावुना. इकडे शेफ्तालिया, तिकडे शेफ्ताली कबाब. म्हणजे खिमा, कांदा, अजमोद एकत्र करून पोटातल्या चरबीच्या पातळ जाळीत गुंडाळायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. जाळी वितळून जाते आणि आतला खिमा ओलसर राहतो. फरक एवढाच की इकडे बहुधा डुकराचं मटण, तिकडे कोकराचं.

उलट मजा अशी की उत्तरेतलं जेवण अनातोलियातल्या, म्हणजे खुद्द तुर्कस्तानातल्या जेवणापासूनही वेगळं आहे. तुर्की-सायप्रियट घरात 'मोलेहिया' शिजते, तागाच्या जातीच्या झाडाची वाळवलेली पानं, मटण किंवा कोंबडीबरोबर, लिंबू पिळून. ही इजिप्तची भाजी. अंकाराच्या माणसाला ती सहसा ठाऊकही नसते. कोंबडीच्या रश्शात शिजवलेली मॅकरोनी आणि वर किसलेलं हेलिम, हेही तसंच. म्हणून मी म्हणते, एक सायप्रियट स्वयंपाक आहे आणि तो दोन भाषांत बोलतो.

कॉफीबद्दल एक सावधगिरी. तांब्याच्या छोट्या भांड्यात उकळलेली ती गाळासकटची कॉफी दक्षिणेत 'तुर्की' न म्हणता 'सायप्रियट कॉफी' म्हणूनच मागवा. स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रियो मध्यम, ग्लिको गोड.

लेबनॉनशी काही नातं?

खूप, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. भरडलेल्या गव्हाच्या आवरणात खिमा भरून तळलेले 'कूपेस' म्हणजे लेबनॉनचा किब्बेच. मसूर आणि भात एकत्र शिजवून वर खरपूस कांदा घातलेली 'मुजेंद्रा' म्हणजे अरबी मुजद्दरा, आणि आपल्या दृष्टीने मसुराची खिचडी. तिळाची चटणी 'ताशी' दर टेबलावर असते. इथे शतकानुशतकं मरोनाइट ख्रिश्चनांचा छोटा समाज राहतो, त्यांचं मूळ लेबनॉन-सिरियाकडचं.

फरक आंबटपणाच्या जातीत आहे. लेबनॉनला सुमाक आणि डाळिंबाचा आटवलेला रस लागतो. सायप्रसला फक्त लिंबू. प्रत्येक ताटाबरोबर, अगदी सूपबरोबरही, चिरलेलं लिंबू येतंच.

इटालियन किंवा फ्रेंच छाप दिसते का?

थोडी. ११९२ पासून जवळजवळ तीनशे वर्षं लुझिन्यां हे फ्रेंच घराणं, मग १५७१ पर्यंत व्हेनिस. त्या काळाची आठवण म्हणून 'राव्योलेस' सांगतात: हलूमी आणि पुदिना भरलेले पास्त्याचे कप्पे, कोंबडीच्या पाण्यात उकडलेले. इटलीच्या राव्योलीपेक्षा खारट, आणि टोमॅटो सॉसशिवाय.

आणि इंग्रजांची?

१८७८ ते १९६०. चिप्स मागे ठेवून गेले. भाताबरोबर चिप्स, पास्त्याबरोबर चिप्स. यापलीकडे माझी तक्रार नाही.

हलूमी म्हणजे खारट पनीरच का?

दिसायला तसंच, पण घडतं वेगळं. आपण पनीर करताना दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून ते फाडतो. हलूमीत आंबट काही नसतं, रेनेट घालून दूध घट्ट केलं जातं. चोथा दाबून त्याच्या वड्या पाडतात. उरलेलं निवळ पाणी पुन्हा तापवतात, त्यावर मऊ पांढरा थर येतो, तो झाऱ्याने काढून घेतात. ते 'अनारी', खव्याच्या आणि दह्याच्या चक्क्याच्या मधलं काहीतरी. मग त्याच गरम, जवळजवळ उकळत्या पाण्यात हलूमीच्या वड्या शिजवतात. या शिजवण्यामुळेच पुढे तव्यावर टाकलं तरी ते वितळत नाही. बाहेर काढून मीठ आणि वाळलेला पुदिना भुरभुरवायचा, पुस्तक मिटावं तशी वडी मधोमध दुमडायची, आणि खारट पाण्यात ठेवायची. चांगलं हलूमी खाताना दाताखाली कुरकुरत नाही, चिवचिवतं. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

परंपरेने ते मेंढी आणि शेळीच्या दुधाचं. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संघाने हलूमी आणि हेलिम या दोन्ही नावांना संरक्षण दिलं, म्हणजे ग्रीसच्या फेटाला आहे तसंच. युरोपीय संघात बेटाबाहेरच्या चीजला कोणी ते नाव लावू शकत नाही. मेंढी-शेळीचं दूध गाईच्या दुधापेक्षा जास्त हवं, असा नियम आहे, आणि त्यावरून गाईवाले आणि मेंढीवाले यांच्यात कायम खटके उडतात.

फेटाशी तुलना विचारतात म्हणून: फेटा आंबट आणि भुसभुशीत, कच्चं खायचं, हलूमी चिवट, भाजून खायचं. उन्हाळ्यात मात्र इथे कच्च्या हलूमीबरोबर गार कलिंगड खातात. नाक मुरडू नका, आधी खाऊन बघा. आपणही कलिंगडावर मीठ लावतोच.

आणि कृपा करून पालक-हलूमी करू नका. मी केलं होतं. ग्रेव्हीत मीठ न घालताही ते मिठाची बरणी सांडल्यासारखं लागलं. करायचंच असेल तर तुकडे तासभर साध्या पाण्यात ठेवा.

सायप्रसमध्ये अळू खातात हे खरं का?

खरं, आणि माझा सगळ्यात आवडता विषय. इथे त्याला 'कोलोकासी' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात अळवाचं नाव कोलोकासिया आहे, ते याच शब्दाचं भावंड. तेच झाड, पण आपण आणि ते उलट्या टोकाने खातो. आपण पानांवर जीव टाकतो, अळूवडी आणि लग्नातलं फदफदं, अळकुडीला दुय्यम मान. हे लोक पानं टाकून देतात आणि कंद खातात. कंदही आपल्या अळकुडीसारखा लिंबाएवढा नव्हे, दोन्ही हातांनी धरावा एवढा. बेटाच्या पूर्वेला सोतिरा गावाच्या तांबड्या मातीतला नामांकित. युरोपीय संघाने त्याच्याही नावाला संरक्षण दिलं आहे.

पहिल्यांदा बाजारातून आणला, तेव्हा सवयीने धुऊन, सोलून, सुरीने चौकोनी फोडी केल्या. भाजीचा अक्षरशः डिंक झाला. खालच्या आजींनी पातेल्यात डोकावून कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी वर येऊन दाखवलं. कंदाला पाणी लावायचं नाही. कोरडाच सोलायचा, फडक्याने पुसायचा. मग सुरी सरळ आरपार घालायची नाही. टोक थोडं आत रुतवायचं आणि मुरगाळायचं. 'टक्' असा आवाज होतो आणि तुकडा मोडून येतो, कडा ओबडधोबड. त्या म्हणाल्या, कापला की रडतो, मोडला की गप्प राहतो. (तुकडे कढईत पडेपर्यंत त्या बोलत होत्या, आणि एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता.) पुढे तेलात परतून, कांदा, सेलरीचे दांडे, टोमॅटो, आणि घरात जे असेल ते मटण. खाताना लिंबू. खवखव घालवायला आपण चिंच किंवा आमसूल घालतो, त्यांचं काम भरपूर शिजवण्यावर आणि या लिंबावर भागतं.

मी आता त्यात मटणाऐवजी भिजवलेले शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालते. आजींनी खाल्लं, "चांगलं आहे" म्हणाल्या, आणि "पण हे कोलोकासी नाही" असंही म्हणाल्या.

आपल्या पदार्थांसारखं आणखी काय आहे?

माझी आई इथे आली होती तेव्हा तिला बेकरीतून 'बुरेकिया' आणून दिल्या. तिने एक हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "अगं, या तर करंज्या. मुरड नीट नाही घातलेली." खरंच करंजीच ती: अर्धचंद्र, तळलेली, आत साखर-दालचिनी घातलेलं अनारी. जत्रेत मिळणारी 'शामिशी' म्हणजे आपली सांजोरी, रव्याचं गोड सारण भरून तळलेली, फक्त वेलचीऐवजी संत्र्याच्या फुलांचं पाणी.

'पुरगुरी' हा उकडून, वाळवून भरडलेला गहू. तो तेलावर शेवया लाल करून, कांदा-टोमॅटोत शिजवतात आणि दह्याबरोबर खातात. तिखटमिठाच्या सांज्याला मोहरी-मिरची विसरली तर असाच लागेल. 'ट्रहाना' तर आंबील आणि सांडगे यांचं लग्न: आंबवलेल्या दुधात भरड गहू शिजवून, त्याचे बोटाएवढे वळे करून भर उन्हात वाळवायचे, आणि हिवाळ्यात हलूमीचे तुकडे घालून त्याचं सूप करायचं. तुर्कस्तानचं तरहाना पिठासारखं बारीक असतं आणि त्यात भाज्या घालतात, ग्रीसचं रवाळ दाण्यांचं; असे वळे इथलेच.

घरी गेलं की आधी गार पाणी आणि चमच्याने खायचा मुरांबा पुढे येतो, बहुतेक वेळा अख्ख्या कोवळ्या हिरव्या अक्रोडाचा. आपल्या गूळ-पाण्याच्या जातीचीच रीत. आणि लेफकारा गावचं मटण-भात-जिऱ्याचं मातीच्या भांड्यातलं 'तावास', त्या नावातला 'तावा' म्हणजे फारसीतून फिरत फिरत दोन्हीकडे पोचलेला आपला तवा.

तिखट असतं का?

अजिबात नाही. मिरचीची पूड सोबत आणा.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

एक शब्द पाठ करा: 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोक ईस्टरच्या आधी सात आठवडे आणि एरवीही बुधवार-शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. आता सगळेच पाळतात असं नाही, पण त्यासाठीचे पदार्थ शिल्लक आहेत: चवळी आणि पालेभाजी, मसूर, लुवाना नावाची लाखेच्या कुळातली डाळ, द्राक्षाच्या पानातला भात, तिळाच्या पोळ्या. आपल्या उपासाला जसं साबुदाणा चालतो आणि भात चालत नाही, तसंच इथलंही तर्कशास्त्र आहे: मासे चालत नाहीत, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, कारण त्यांच्यात लाल रक्त नाही. म्हणून 'निस्तीसिमो' म्हटल्यावर "ख्तापोदी नको", म्हणजे ऑक्टोपस नको, हेही सांगा. हलूमीत प्राण्याच्या पोटातलं रेनेट असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी वेष्टन वाचावं.

'मेझे' मागवावं का?

मागवा, पण दुपारचं जेवण टाळून. लेबनॉनमध्ये मेझे ही बहुधा जेवणाची सुरुवात, तुर्कस्तानात दारूबरोबरचं खाणं. सायप्रसमध्ये मेझे हेच जेवण. वीस-पंचवीस लहान बशा एकामागून एक येतात. ऑलिव्ह, ताशी आणि तालातुरी आधी. (तालातुरी म्हणजे काकडी-दही, त्झात्झिकीपेक्षा लसूण कमी, पुदिना जास्त. आमच्या घरी तिच्यात दाण्याचं कूट पडतं.) पावावर पोट भरलं की शेवटी येणारं मटण तसंच परत जातं. हा अनुभव प्रत्येक पाहुण्याने घेतला आहे.

इथल्या वाइनबद्दल काय?

एकच नाव पुरे: कोमांदारिया. उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, मधाच्या रंगाची गोड वाइन. नाव मिळालं ते लिमासोलजवळ कोलोसीला ठाणं असलेल्या धर्मयोद्ध्यांच्या जहागिरीवरून. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९१ मध्ये लिमासोललाच लग्न लावून गेला, त्या लग्नात हीच वाइन होती अशी कथा इथला प्रत्येक विक्रेता सांगतो. जेवणानंतर छोटा पेला. बेदाण्यांच्या पाकासारखी लागते.

माल्टा, सिसिली या बेटांचं जेवण असंच का?

नाही. माल्टा इटलीकडे झुकलेला आहे, तिथे सशाचं मटण आणि आंबवलेल्या पिठाचा 'फ्तिरा' पाव, ज्याला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. सिसिलीच्या पश्चिम टोकाला माशांबरोबर कुसकुस खातात, ती उत्तर आफ्रिकेची खूण. प्रत्येक बेट समोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून बसलेलं असतं. सायप्रसच्या समोर सिरिया आणि लेबनॉन आहे.

पुण्या-मुंबईत घरी काही करून बघायचं असेल तर?

चवळीने सुरुवात करा, 'लुवी'. काहीच आणावं लागत नाही. एक वाटी चवळी उकळत ठेवा, पहिलं काळपट पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवा. शेवटच्या दहा मिनिटांत पालकाची मोठी जुडी जाड चिरून घाला. इथे चार्डची पानं घालतात. निथळून बशीत काढा. फोडणी नाही, हे मनावर दगड ठेवून पाळा. वरून चांगलं ऑलिव्हचं तेल, चार चमचे, कंजूषी नको, आणि एका लिंबाचा रस. बाजूला जाड पाव, थोडी ऑलिव्ह, आणि कच्चा कांदा. कांदा चिरायचा नाही, बुक्कीने फोडायचा. आजींनी पहिल्यांदा माझ्यासमोर तो टेबलावर ठेवून मूठ मारली तेव्हा मी त्यांना म्हटलं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.